सांभाळकाका गड उतरतात

सांभाळकाका कुणाच्याही घरी जेवायला आले की आधी स्वयंपाकघरात जाऊन गॅसची नळी बघायचे, मग माणसांकडे. "अगं, ही नळी नाही, वात आहे वात!" असं म्हणून त्यांनी एकदा माझ्या हातातलं लाटणंच काढून घेतलं. मी चिडले. बहारीनमध्ये दिवसभर बँकेत साहेबाचं ऐकायचं आणि घरी येऊन पाहुण्यांचं? पण काका तसेच खाली गेले, नवी नळी आणली, स्वतः बसवली आणि मगच पोळीला हात लावला. दर दोन वाक्यांमागे "सांभाळून!" म्हणायचे, म्हणून हे नाव. खरं नाव इथल्या निम्म्या मराठी माणसांना माहीतच नव्हतं.

मूळचे पुण्याचे. मीना सलमान बंदरात जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये सेफ्टी ऑफिसर होते. गणपतीत आम्ही आरतीला टाळ्या वाजवायचो आणि काका पाण्याची बादली घेऊन मखराशेजारी उभे. लिफ्टमध्ये शिरले की दार बंद व्हायच्या आत तिचा दोर कधी तुटू शकतो हे सांगून मोकळे. "अहो, अशुभ बोलू नका ना," काकू बिचाऱ्या हात जोडायच्या. "शुभ बोलून आग विझते का?" काका विचारायचे. काही जण तर त्यांना सणासुदीला बोलवायचंच टाळायचे.

कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. नोकरीला नवे असताना जहाजाच्या रिकाम्या टाकीत दोन वेल्डर उतरले आणि परत वर आलेच नाहीत. आतली हवा खराब होती. काकांना आधीच शंका आली होती, पण लोक हसतील म्हणून ते गप्प बसले. "हसू दे ना हसतात तर," मला म्हणाले, "हसायला उरतात तरी." एवढं बोलून बराच वेळ ते तळहात चोळत राहिले. मी उठून चहा टाकला.

या माणसाला नाद मात्र किल्ल्यांचा! सह्याद्रीतले बरेचसे त्यांनी पालथे घातलेले. बहारीनमध्ये चढायला आहे काय? मुहर्रकचा किल्ला विमानतळाजवळ सपाट जमिनीवर बसलेला. सखीरच्या पुढे एक टेकडी आहे, तिला टेकडी म्हणणं म्हणजे तिचे लाड. म्हणून आम्ही सात-आठ जण शुक्रवारी सकाळी एका टॉवरचे जिने चढायचो, पाठीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन. त्यातूनच बेत निघाला, की ईदच्या सुट्टीला थोडी लीव्ह जोडायची आणि दक्षिण फ्रान्सच्या डोंगरातले जुने किल्ले आणि कड्याकपारीतली चर्चं बघून यायचं.

तिथे गाडी चालवायला आमच्यातलाच रफीकभाई होता. हा रत्नागिरीचा, मुहर्रकमध्ये हार्डवेअरचं दुकान चालवतो. "काका, कशाला घाबरताव? अल्ला हाय ना," तो पहिल्याच वळणावर म्हणाला. "अल्ला आहेच रे, पण ब्रेक बघितलेस का?" काकांनी विचारलं. सगळे फिदीफिदी हसले. रफीकभाईने मात्र पुढच्या पेट्रोल पंपावर गुपचूप ब्रेक तपासून घेतले.

पहिला किल्ला सुळक्यावर होता. पायथ्याशी हिरवंगार कुरण, त्यात एक दगडी खांब. शेकडो वर्षांपूर्वी वेगळ्या पंथाची माणसं वर वेढ्यात अडकली, महिनोन् महिने तगली, शेवटी खाली आली. पंथ सोडायला तयार झाली नाहीत, म्हणून या कुरणात त्यांना जिवंत जाळलं. आम्ही माहितीचा फलक वाचत होतो. काका त्या खांबापाशी टोपी काढून उभे राहिले आणि म्हणाले, "उतरायला दुसरी वाट नव्हती का गं यांना?" कुणाला विचारत होते कोण जाणे. काकूंनी त्यांचा हात धरून त्यांना गाडीत आणून बसवलं.

दुसऱ्या दिवशीचा किल्ला त्याहून उंच, डोंगराच्या धारेवर लांबलचक पसरलेला. तिकीट देणाऱ्या मुलीने आभाळाकडे बोट दाखवलं, फ्रेंचमध्ये काहीतरी सांगितलं आणि घड्याळावर बोट आपटलं. काका म्हणाले, "ती लवकर उतरा म्हणतेय." आम्ही म्हणालो, यल्ला, चला, बघू वर गेल्यावर. चढताना काका दोनदा थांबले. शूज चावतायत म्हणाले.

आता आमचंही ऐका. बहारीनमध्ये महिनोन् महिने ढग म्हणून दिसत नाही. एखादा आलाच तर अख्खं ऑफिस काम टाकून खिडकीशी गोळा होतं. त्यामुळे डोंगरामागून तो काळाकुट्ट ढग वर आला तेव्हा पळायचं सोडून आम्ही खुळ्यासारखे नाचायला लागलो! रफीकभाई हात पसरून बुरुजावर उभा. माझा नवरा व्हिडिओ काढतोय. पहिले थेंब पडले तशी काकूंनीसुद्धा डोक्यावरची ओढणी काढली.

"खाली. आत्ताच्या आत्ता," काका म्हणाले. कुणी हललं नाही. ते एकेकाजवळ जाऊन सांगायला लागले. "काका, चिल!" माझा नवरा म्हणाला. "रोजचंच आहे तुमचं," मीही म्हटलं. "जरा भिजू द्या की मला," काकू म्हणाल्या. काकांचा आवाज चिरकला. लांब कुठेतरी गडगडलं. मी लोखंडी कठड्याला टेकणार तेवढ्यात त्यांनी मला खसकन मागे ओढलं. तो कठडा बारीक आवाजात गुणगुणत होता. माझ्या हातावरचे केस उभे राहिले, तरी मला वाटलं, वारा असेल. वीज पडायच्या आधी असं होतं, हे नंतर कळलं.

आणि काका छाती धरून खाली बसले. तोंड पांढरं पडलेलं, कपाळावर घाम. "खाली न्या मला," एवढंच म्हणाले.

मग काय! काकूंनी हंबरडा फोडला. रफीकभाईने काकांना पाठुंगळी घेतलं, माझ्या नवऱ्याने मागून धरलं आणि आम्ही सगळे त्या निसरड्या पायऱ्यांवरून अक्षरशः कोसळत उतरलो. झाडीत शिरलो आणि वर वीज पडली. कान बधिर झाले. वळून पाहिलं तर आम्ही नाचत होतो त्या बुरुजाच्या कडेचे दगड दरीत गडगडत होते.

तिकीटघरापाशी पोचलो. मुलीने रुग्णवाहिकेला फोन लावायला घेतला, तर काका उठून बसले. "फोन ठेव म्हणावं तिला. नाटक होतं. नाहीतर तुम्ही उतरला असतात का?"

आधी रफीकभाईने टाळ्या वाजवल्या, मग आम्ही सगळ्यांनी. काकू तेवढ्या भडकल्या. "भर डोंगरात बायकोचा जीव टांगणीला लावता, लाज नाही वाटत?" काका हसले, पण डोळे मिटून. "चला," म्हणाले, "लीव्ह उरलीय सगळ्यांची, ती वाया घालवू नका."

पुढे आम्ही एका घळीत कड्याच्या पोटातलं चर्च बघायला गेलो. खाली उतरायला पायऱ्या होत्या. काका हळूहळू सगळ्यांच्या मागून आले आणि बाकावर बसले. गुहेत मेणबत्त्या जळत होत्या, आणि एकीची ज्योत कापडी फुलांच्या अगदी जवळ. मी काकांकडे बघितलं, आता बोलतील म्हणून. त्यांनी ती ज्योत बघितली आणि मान खाली घातली. शेवटी मीच ती मेणबत्ती बाजूला केली. परतीच्या विमानात बसेपर्यंत त्यांच्या तोंडून एकदाही "सांभाळून" ऐकलं नाही.

त्याच ऑगस्टमध्ये वर्कशॉपच्या फाटकाशी काका पडले, ते गेलेच. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरने सांगितलं, हा दुसरा झटका. पहिला काही आठवड्यांपूर्वी येऊन गेलेला, अंगावर काढलेला.

त्यांना पुण्याला न्यायचे कागद तयार होईपर्यंत आम्ही काकूंच्या घरी बसून होतो. काकू बॅग भरत होत्या. रफीकभाई म्हणाला, "डॉक्टर चुकला असेल काकू. गडावर तर काका नाटक करत व्हते ना? आपल्यासमोरच बोलले."

काकूंनी हातातला सदरा घडी करून बॅगेत ठेवला.

"नाटक?" त्या म्हणाल्या. "भाजी बिघडली तर छान झालीय म्हणायला या माणसाला कधी जमलं नाही. गडावर छाती धरून बसले ते खरं होतं. खाली येऊन बोलले ते नाटक. जन्मात तेवढं एक खोटं बोलले रे, आणि त्या खोट्यापायी मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही."