खिडकीपाशी दोन कार्डं

आमच्या रंगखात्यात जेवणाची दोन टेबलं होती आणि बाई त्यातल्या एकाही टेबलावर बसत नसत. उत्तरेकडच्या खिडकीपाशी उभ्या राहून जेवत. मला वाटायचं, शिष्टपणा, दुसरं काय! खातेप्रमुख झाल्या म्हणून काय झालं, खाली बसलं तर खुर्ची चावते का?

आमचं काम रंग जुळवण्याचं. गिऱ्हाईक जुन्या भिंतीचा पोपडा घेऊन येतं आणि म्हणतं, अगदी हाच रंग द्या. आम्ही चौघे जुने लोक तो डोळ्यांनी जुळवायचो. थेंब थेंब घालायचा, कार्डावर फासायचा, वाळू द्यायचा, पुन्हा बघायचा. माझे केस कायम उभे, म्हणून सगळे मला कुंचलेराव म्हणत. मग यंत्र आलं आणि त्याच्यासोबत तिघं नवे आले. त्यांची म्होरकी एक चुणचुणीत बाई, तिला आम्ही मशीनवाली म्हणायचो. पोपडा यंत्राखाली धरला की तिला दोन मिनिटांत मिश्रणाचं प्रमाण मिळे. आमचा अर्धा दिवस जाई. साहजिकच आमच्या पोटात दुखू लागलं.

साहेबांना उपाय सोपा वाटत होता, की यंत्र ठेवा आणि म्हाताऱ्यांना घरी पाठवा. बाईंनी त्यांना थोपवून धरलं आणि नियम घातला. प्रत्येक रंगाची दोन कार्डं व्हायची, डावं डोळ्यांचं आणि उजवं यंत्राचं. रोज अकरा वाजता बाई ती खिडकीपाशी उजेडात धरत, पोपड्याशी ताडून बघत आणि एक निवडत. त्याच मिश्रणाच्या बादल्या बाहेर जात. शिवाय मशीनवालीला त्यांनी आठवडाभर माझ्याशेजारी बसवलं, रंग वाळताना कसा बदलतो ते बघायला. पुढचा आठवडा मला यंत्रापुढे बसवलं. मी बसलो, पण चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा करून.

नऊ वर्षं हे चाललं. आमचं कार्ड निवडलं की नव्यांचं टेबल गप्प, त्यांचं निवडलं की आमचं. बाईंवर मात्र दोन्ही टेबलं रोजच नाराज. आम्ही म्हणायचो, नव्यांना डोक्यावर बसवतात. ते म्हणायचे, म्हाताऱ्यांना पाठीशी घालतात. बाईंच्या घरी कोण असतं, हे विचारायची बुद्धी सातांपैकी एकालाही झाली नाही. डबा एवढासा असायचा, एका माणसापुरता.

एकदा मला अवदसा आठवली. मी मशीनवालीला म्हटलं, "बाई रंग बघतात की माणसं, परीक्षा घेऊ या." त्या दिवशी एक निळा होता. दोन्ही कार्डं एकाच बादलीतून फासली. बाई उजवं म्हणणार, अशी माझी पैज. मशीनवालीची पैज डाव्यावर. अकराला आम्ही सातही जण रॅकमागे जमलो, शाळेतली पोरं जमतात तसे.

बाईंनी कार्डं घेतली. जवळ धरली, लांब धरली, पुन्हा जवळ धरली. मग म्हणाल्या, "डावं."

रॅकमागे हसण्याचा नुसता स्फोट झाला. दुपारी चक्क दोन्ही टेबलं जोडली गेली. नऊ वर्षांत पहिल्यांदा आम्ही सात जण एकत्र जेवलो, तेही बाईंच्या नकला करत. बाई खिडकीपाशी उभ्या होत्या.

पण मला राहून राहून एकच खटकत होतं. याच बाईंनी एकदा वीस फुटांवरून मला सांगितलं होतं की काळ्याचा एक थेंब जास्त पडलाय. आज त्यांनी कार्डं माझ्या तोंडावर फेकायला हवी होती.

सुटल्यावर मी परत आत गेलो. त्या पिशवी भरत होत्या.

"बाई, सकाळची दोन्ही कार्डं एकाच बादलीतली होती."

"अस्सं! तरीच मागे खिदळत होतात."

"मग डावं का म्हणालात?"

"काल उजवं झालं होतं, कुंचलेराव. आज तुमची पाळी होती."

मग त्यांनीच सांगितलं. डोळ्यामागची शीर सुकत चालली होती. निळ्या-हिरव्यातला बारीक फरक दोन वर्षांपूर्वीच कळेनासा झाला होता. गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

"दोन वर्षं पाळीपाळीनं? आणि एकही बादली परत आली नाही?"

"कशी येईल? दोन्ही कार्डं बरोबरच असायची. एकमेकांच्या ईर्ष्येनं जीव ओतता तुम्ही. एक टेबल घरी गेलं असतं, तर दुसरं महिन्याभरात सुस्तावलं असतं." डबा पिशवीत ठेवत त्या म्हणाल्या, "साहेबांकडून मी शब्द घेतलाय. माझी निवड चुकेपर्यंत इथून कुणी जाणार नाही."

म्हणजे मी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घ्यायला निघालो होतो, आणि तोही बाकी सहा जणांना हाताशी धरून.

"इतकी वर्षं आमच्यात का नाही बसलात?" मी विचारलं.

"बसले होते की! पहिल्या आठवड्यात तुमच्याकडे डबा घेऊन आले, तर तुम्ही बोलायचे थांबलात. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले, तर तेही थांबले. मग म्हटलं, कशाला उगाच मिठाचा खडा टाकायचा." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "आज मात्र टेबलं जोडलीत. बरं वाटलं हो. सगळे एकदम हसताना कधी ऐकलंच नव्हतं मी."

मला त्यांचं आमच्याकडे येणं आठवतसुद्धा नव्हतं. फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं की बाईंनी तेव्हाच ओळखलं होतं, उलट आपलीच फिरकी घेतली. सगळ्यांना पटलं. टेबलं पुन्हा वेगळी झाली. महिन्याभरानं बाईंनी नोकरी सोडली. बहीण आजारी असते, असं कारण दिलं. बहीण ठणठणीत होती. साहेबांना त्यांनी माझं नाव सुचवलं आणि मला म्हणाल्या, "काही झालं तरी कार्डं दोनच ठेवा." बसथांब्यापर्यंत मी एकटाच गेलो. "निळी बस आली की सांगा," त्या म्हणाल्या. निळी आली, मी सांगितलं, त्या चढल्या.

प्रमुख म्हणून माझ्या पहिल्याच दिवशी अकराला मी उजवं कार्ड निवडलं. खरोखरच ते सरस होतं.

एक वाजता डबा घेऊन आमच्या टेबलावर गेलो. बावीस वर्षं तिथेच जेवत होतो. बोलणं थांबलं. ज्यानं मला जन्मभर कुंचल्या म्हणून हाक मारली, त्यानं उठून खुर्ची पुढे केली.

"या साहेब, बसा," तो म्हणाला आणि सगळे आपापल्या डब्यात बघू लागले.

मी बसलो. दोन घास खाल्ले. मग खिडकी लावून येतो म्हणून उठलो, आणि डबा सोबत घेतला.