व्हेअरॲज आणि तांड्यावरची शाळा

आमचा मुलूख नुकताच मुंबई राज्यात गेला होता, तेव्हा मी दारव्ह्याजवळच्या एका बंजारा तांड्यावर मास्तर होतो. शाळा तांड्याच्या लोकांनीच बांधलेली, कुडाच्या भिंती आणि वर गवताचं छप्पर. सरकारची मंजुरी तेवढी यायची होती. ती नाही आली तर शाळा बंद. एके दिवशी कचेरीतून इंग्रजी पत्र आलं. अख्ख्या पानाचं एकच वाक्य होतं.

तांड्याचे प्रमुख, म्हणजे नायक, यांनी सगळ्यांना कडुलिंबाखाली बसवलं. पहिलाच शब्द व्हेअरॲज. मॅट्रिकला मी त्याचा अर्थ 'उलटपक्षी' असा घोकला होता. पण कशाच्या उलट? आधी तर काहीच नव्हतं! गोंधळून मी तो गिळून टाकला आणि पुढचं सांगू लागलो: लोक अर्धं वर्ष कामाला बाहेर असतात, शेजारच्या गावच्या शाळेत तांड्याचं एकही पोर जात नाही...

त्या तांड्याच्या बैठकीत निकाल आधी सांगत आणि कारणं मागून. निकाल कळला की लोक उठत; कारणं ऐकायला म्हातारे तेवढे थांबत. मी सांगितलेलं तेच निकाल समजून नायक उठले.

"झालं मास्तर. सरकार नाही म्हून राह्यलं."

मलाही तसंच वाटलं. बैठक मोडली आणि चार जण शाळेचं छप्पर उतरवायला लागले, गवत गोठ्याच्या कामी येईल म्हणून.

मी खोलीवर येऊन ट्रंक भरायला घेतली. त्यात शब्दकोश हाती लागला. व्हेअर आणि ॲज, दोन साधे शब्द जोडून हा झालेला. सरकारी कागदात त्याने आधी कारणं मांडायची, निकाल तळाशी. पुढे मराठी कागद आले तेव्हा हेच महाशय 'ज्याअर्थी' होऊन आले, आणि तेव्हाही मी चाचपडलोच. पत्राचा तळ वाचला: म्हणून शाळा तांड्यावरच मंजूर.

मी पळत सुटलो. अर्धं छप्पर खाली आलं होतं. नायकांनी ते परत चढवायला सांगितलं आणि पत्र पुन्हा शेवटापासून ऐकायला माझ्या खोलीवर आले. उघड्या ट्रंकेत माझे कपडे घडी करून ठेवलेले त्यांना दिसले.

"आमी तं छप्पर काढलं, मास्तर. तुमी सामान काहून बांधलं?"

मी ट्रंकेचं झाकण लावून घेतलं. शाळा बंद झाली तर माझी बदली यवतमाळला होणार होती, आणि नायक उठले तेव्हा मला बरं वाटलं होतं.