शुक्र, शनि, रवि आणि सोमवार

डिंडोलीहून निघणाऱ्या सकाळच्या बसमध्ये रोज माझ्या शेजारी बसणाऱ्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. हिऱ्यांच्या एका ऑफिसात तो परदेशी गिऱ्हाइकांचे फोन सांभाळायचा. बोलताना समोरच्या सीटच्या दांडीवर बोटाने ठोके द्यायचा, शिक्का मारल्यासारखे.

"दुबईचा मुसलमान शेठ शुक्रवारी दुपारी नमाजाला. इस्रायलचा ज्यू त्याच संध्याकाळपासून शनिवारचा सूर्य मावळेपर्यंत फोनला हात लावत नाही. बेल्जियमचा ख्रिश्चन रविवारी चर्चमध्ये. देव एकच मानतात, मूळपुरुष इब्राहिमही तिघांचा. येशूपाशी मात्र वाटा फुटतात. ख्रिश्चनाला तो देवाचा मुलगा, मुसलमानाला पैगंबर, ज्यूला दोन्ही नाही."

एका गुरुवारी दांडीवर ठोके पडले नाहीत. आईचं ऑपरेशन येत्या मंगळवारी ठरल्याचं त्याने सांगितलं.

"तिघांनाही सांगितलं," उतरताना तो म्हणाला. "आमच्या प्रार्थनेत तिचं नाव घेतो म्हणाले." मग दांडीवर ठोके पडले. "शुक्र, शनि, रवि त्यांनी घेतले. सोमवार महादेवाचा, तो मी धरतो. आई उठतेच बघा."

मी उपासतापास करणारा माणूस नाही. त्या सोमवारी सकाळी बायकोला म्हणालो, आज माझा डबा भरू नको.