दारातली भेट

"ये गं, आधी भेट."

संध्याकाळी सहाला मावशी दोन्ही हात पसरून दारात उभ्या असत. चप्पल काढायच्या आधी मिठी. मिठी कसली, तपासणीच ती! कामावरून आलेल्या बाईनं दारू घेतली आहे की नाही, हे त्या गळ्यात पडून वासावरून ओळखत. आम्हाला ते ठाऊक होतं. पण दिवसभरात जवळ घेणारं दुसरं होतंच कोण? आम्ही निमूट रांग लावायचो.

नाशिक रोडला एका कॉलनीच्या टोकाला ते घर होतं. व्यसनमुक्ती केंद्रातून सुटलेल्या, पण माघारी जायला जागा नसलेल्या आम्ही नऊ बायका तिथं राहत होतो. साडेपाचला उठणं, पाळीनं स्वयंपाक, चौथ्या महिन्यापासून बाहेर नोकरी, सहाच्या आत घरात. शेजारी लेडीज हॉस्टेल समजत, आम्हीही समजू देत होतो. तुमच्याही गल्लीत असं एखादं घर असेल बरं का. बायका पितात हे आपण कुठं कबूल करतो?

मावशी निफाडकडच्या. नवरा गेल्यावर दारूत बुडालेल्या आणि अकरा वर्षांपूर्वी त्यातून बाहेर आलेल्या. संस्थेनं घर त्यांच्या ताब्यात दिलं होतं. मी पहिल्याच दिवशी तोऱ्यात म्हटलं, "मी शाळेत क्लार्क होते, मला भांडी घासायची सवय नाही." त्या म्हणाल्या, "मग बाटली लपवायची सवय काय आईच्या पोटातनं आणलीस? लागंल ही बी." लागली.

नियम त्या एकदाच सांगायच्या. "प्यालीस तर सांग, औषधपाणी करू. लपवलंस तर मातर तुझी जागा गेली."

माझी मुलगी नवऱ्याकडे होती. वर्षभर दारूला शिवली नाही असं मावशींचं पत्र आण, मगच मुलगी भेटेल, अशी त्याची अट. सात महिने मी नेटानं काढले. मग तिच्या आठव्या वाढदिवशी फोन केला, तर तिनंच विचारलं, "कोण बोलतंय?"

त्या बुधवारी कामावरून सुटले ती थेट दुकानात गेले. सहाला तोंडात बडीशेप कोंबून दारात उभी. मावशींनी घट्ट धरलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "दमलीस वाटतं. जा, मेथी निवडायचीय."

मला वाटलं, कळूनही सोडून दिलं. दोन दिवस मी त्यांच्या नजरेला नजर देऊ शकले नाही.

शुक्रवारी डाळ करपली. त्या वासानं मी वरच्या मजल्यावरून धावत आले. मावशी गॅसपासून चार हातांवर, पाठ करून, निवांत तांदूळ निवडत होत्या. "काय झालं गं?" त्यांनी विचारलं. मी काळं झालेलं पातेलं पुढं धरलं आणि त्यांनी मान खाली घातली.

"तापात गेलं नाक. दोन वरसं झाली. कुणाला बोलू नको बाई. संस्थावाले फुंकायचं मशीन आणतील, नवी बाई ठेवतील. मी कुठं जाऊ?"

म्हणजे मला कुणीच पकडलं नव्हतं! आणखी पाच महिने गप्प बसले की पत्र मिळणार, मुलगी भेटणार. खरं सांगते, पहिल्यांदा आनंदच झाला. पण म्हातारीनं माझं मनगट धरलं होतं, ते सोडत नव्हती. माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, बुधवारी मी प्याले होते."

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "आन् मी तुला मेथी निवडाया बसवलं! दोन दिस एकटीच व्हतीस गं तू." त्या रडायला लागल्या. मीही.

शनिवारी आमची सभा असायची. प्रत्येकीनं नाव सांगायचं आणि दारू सोडल्याचा कितवा दिवस ते सांगायचं. जिचा हिशेब नव्यानं सुरू झाला, तिनं पुढच्या सतरंजीवर बसायचं. मावशी भिंतीजवळच्या खुर्चीवरून आपली अकरा वर्षं सांगत आणि आम्ही टाळ्या वाजवत असू. त्या शनिवारी सतरंजीवर मी एकटीच होते. "आज तिसरा दिवस," मी म्हटलं. सात महिने गेले, मुलगी लांब गेली, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मावशी गुडघा धरत येऊन माझ्याशेजारी बसल्या. आपलं नाव सांगितलं, नाक गेल्याचं सांगितलं. "दोन वरसं तुमच्यापास्नं लपवलं. नियम समद्यांना एकच. आज माझा पहिला दिवस."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

पुढच्याच आठवड्यात त्या घर सोडून निफाडला भाचीकडे गेल्या. आम्ही हातापाया पडलो, पण ऐकतील तर मावशी कसल्या? "तू दोन दिसांत सांगितलंस, मी दोन वरसं लपवलं," एवढंच मला म्हणाल्या. माझं पत्र वर्षानं दुसऱ्याच बाईच्या सहीनं मिळालं. मुलगी आधी बापाच्या मागं लपली, मग पुढं आली.

गेल्या थंडीत भाचीचा फोन आला. "आत्या गेली आज पहाटं." मग म्हणाली, "तुम्हाला आकडा कळवायला सांगून ठेवलं होतं तिनं. सहाशे अकरावा दिवस होता."