अकोल्यात आडवा झालेला पोरगा
अकोल्याच्या बॉक्सिंग रिंगमध्ये माझा पोरगा एकही ठोसा न मारता आडवा झाला आणि मागून कोणी ओरडलं, “बिकला रे बिकला!” मलाही तोच संशय आला, कारण अमरावतीत त्याला हरवणारा कोणी नव्हता. परतताना एसटीत विचारलं, “खरं सांग, काहून पडला?” “माय, वजनगटात बसाले दोन दिवस पानी नाही पेलो, चक्कर आली.” मला पटलं नाही. महिन्याभराने, अकोल्यात त्याच्याविरुद्ध जिंकलेला पोरगा आमच्या भाजीच्या गाड्यावर आला. “मावशी, लोक म्हन्तात मी जीत इकत घेतली. तुमच्या पोराले म्हना, खरं सांग सगळ्याईले.” माझा पोरगा मेथीच्या जुड्या बांधत राहिला. तो आजही जुड्याच बांधतो, तो जिंकलेला पोरगा ऑटो चालवतो. संशय माझा गेला नाही. दोघं जिवंत आहेत, बॉक्सर एकही राहिला नाही.