अण्णांचं न सांगितलेलं काम

अण्णा अंकुशनगरला साखर कारखान्यात वेल्डर होते. बॉयलरच्या नळीला त्यांनी घातलेला जोड कधी गळला नाही, असं त्यांच्याबरोबरचे लोक सांगत. मी सहावीत असताना त्यांना विशाखापट्टणमला सरकारी कामावर बोलावणं आलं. कसलं काम, ते त्यांनी सांगितलं नाही. क्वार्टर सोडून आई आणि मी अंबडला दोन खोल्यांत राहायला आलो.

महिनाभरात साध्या कपड्यांतले दोन पोलीस गल्लीत आले. ह्या माणसाची वागणूक कशी, ऊठबस कुणाबरोबर, असं शेजारच्यांना विचारून गेले. अशा कामावर घेताना ती चौकशी होतेच, पण गल्लीला काय माहीत? आठ दिवसांत वर्गातली एक मुलगी म्हणाली, "तुझा बाप जेलात हाय म्हणं."

दिवाळीला अण्णा आले तेव्हा मी त्यांना धरलंच.

"अण्णा, तुम्ही तिकडं काय करता?"

"लोखंड जोडतो."

"कशाचं?"

पोळ्या लाटता लाटता आई म्हणाली, "सांगा की तिला. लोक काय काय बोलून राह्यलेत."

"तुला तरी कुठं सांगितलंय?" अण्णा म्हणाले. "न्हाई सांगता येत. सही करून दिलीय मी."

आईलाही माहीत नाही, हे मला तेव्हा कळलं.

आठवीत माझी शाळा बदलली. तिथे कुणी काही विचारायच्या आतच मी सांगून टाकलं की माझे वडील वारले. जेलपेक्षा ते बरं वाटलं. मैत्रिणी हळहळल्या, डब्यातलं काढून देऊ लागल्या. अण्णा वर्षातून दोनदाच यायचे, त्यामुळे खोटं टिकलं.

एकदा मात्र ते न कळवता आले आणि बसस्टँडवरून सरळ शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. खांद्याला बॅग, हातात माझ्यासाठी आणलेली शिंपल्यांची माळ.

"कोण गं हे?" मैत्रिणीने विचारलं.

"काका," मी म्हणाले.

अण्णांनी ऐकलं. तिच्याकडे बघून ते म्हणाले, "हो, काका. हिला घ्यायला आल्तो." आवाज अगदी साधा होता. माझं दप्तर त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि घरापर्यंत मला गणितात किती पडले तेवढंच विचारलं. आईला त्यांनी हे कधी सांगितलं नाही. माफी मागायची होती मला. दर वेळी वाटायचं, पुढच्या सुट्टीत मागू.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना अण्णा तिकडेच हार्ट अटॅकने गेले. त्यांना घेऊन दोघं सहकारी आले, राख सावडेपर्यंत थांबले. कामाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

चार वर्षांनी त्यांच्यातल्याच एकाचा फोन आला. मोडक्या हिंदीत म्हणाले, आज टीव्ही लाव, तुझ्या वडिलांच्या हातचं काम पाण्यात उतरतंय.

बातम्यांत सांगत होते, देशात बांधलेली पहिली अणुपाणबुडी. अण्वस्त्रं घेऊन ती महिनोन्‌महिने समुद्राखाली दडून राहणार. बोट त्यांनी धड दाखवलीसुद्धा नाही.

"म्हंजे ही कुणावर सोडायची?" आईने विचारलं.

"सोडायला न्हाई, आई. आपल्यावर कुणी सोडायला धजू नये म्हणून हाय ती. कुठं हाय, ते कुणालाच कळू द्यायचं न्हाई."

आईची नजर पडद्यावरच होती. तिथे आता दुसरीच कुठलीतरी बातमी चालू होती.

"तोंडावर पांघरूण आलं तरी त्यांचा जीव घाबरा व्हायचा," ती म्हणाली. "तसल्या बंद नळकांड्यात कसं काम करत असतील गं? आत हवा तरी असंल का?"

मला माहीत नव्हतं. ज्यांना विचारायचं, तेच उरले नव्हते.

"असंल," मी म्हणाले. "सगळी व्यवस्था बराबर असंल."