सोळा ओळींच्या अकरा ओळी

उमेगाकी शिनो यांना मी पहिल्यांदा भेटलो ते क्योतोच्या उत्तरेकडच्या एका प्राथमिक शाळेच्या मागच्या दाराशी. आत तीनशे मुलांच्या जेवणाची पातेली धुवून पालथी घातलेली होती आणि त्या डोक्यावरची पांढरी टोपी काढत बाहेर आल्या. वय चव्वेचाळीस, बांधा ठेंगणा, हात वाफेने लालसर झालेले. मी आमच्या कंपनीचं कार्ड दोन्ही हातांनी पुढे केलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, तेरा वर्षांत त्या धंद्यातलं कुणी माझ्याकडे फिरकलं नाही, त्या अर्थी तुमचं काहीतरी बिघडलेलं दिसतंय.

बिघडलेलं होतंच.

आमची कंपनी लहान. टीव्हीला जोडून खेळायचे जुने व्हिडिओ गेम घ्यायचे, ते हातात मावणाऱ्या नव्या यंत्रावर चालतील असे करायचे आणि पुन्हा बाजारात आणायचे, एवढंच आमचं काम. २००३ साली आमच्याकडे 'ओबोरोगावा' आला. ओबोरोगावा म्हणजे धुक्यातली नदी. पूर चढत असतो, अलीकडच्या काठावर शेतकरी, भिक्षू, कोल्हा, म्हातारी असे सगळे वाट बघत उभे असतात आणि होडी एकच. कुणाला आधी न्यायचं, कुणाला थांबवायचं, ते ठरवत सगळ्यांना पलीकडे पोचवायचं. शाळेत असताना मी तो खेळ इतका खेळलो होतो की आईने टीव्हीची वायर लपवून ठेवली होती. म्हणून ते काम मी मागून घेतलं.

अडचण पडद्याची होती. टीव्हीवर उभ्या दिशेने चित्राच्या जेवढ्या ओळी दिसत, त्यातल्या दहापैकी सातच नव्या यंत्राच्या पडद्यावर मावत होत्या. वरून किंवा खालून कापावं तर एक काठ दिसेनासा होणार आणि दोन्ही काठ एकदम दिसल्याशिवाय हा खेळ खेळताच येत नाही. मग उरलं चित्र दाबणं. मी यंत्राला सांगितलं, दर तीन-चार ओळींमागे एक ओळ गाळ. त्याने गाळली. सोळा ओळींची माणसं अकरा ओळींची झाली. नावाड्याचं तोंड गेलं, भिक्षूची मान गेली आणि कोल्हा चपलेसारखा दिसायला लागला.

आमचे विभागप्रमुख हिराकीसान म्हणाले, एवढ्याशा पडद्यावर तोंड कोण बघतंय, तू तारीख सांभाळ. पण ती चप्पल त्यांनाही बघवेना. दोन दिवसांनी तेच म्हणाले की मूळ चित्रं कुणी काढली त्याचा शोध घे. खेळाच्या शेवटी येणाऱ्या नावांत चित्रांसमोर नुसतं 'मासु' लिहिलेलं होतं. मासु म्हणजे आलेखाच्या कागदावरचा चौकोन. दुसऱ्या कंपन्यांनी माणसं पळवू नयेत म्हणून त्या काळी खरी नावं देत नसत. मूळ कंपनी केव्हाच बंद पडली होती. तिथल्या एका निवृत्त प्रोग्रामरला मात्र मासुबाईंचं नववर्षाचं कार्ड दर वर्षी न चुकता येत असे. त्यांच्याकडून मला शाळेचा पत्ता मिळाला.

शाळेच्या त्या मागच्या दाराशी मी यंत्र उघडून शिनोसानच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं.

"नावाड्याचं तोंड कुठंय?"

"ओळी कमी कराव्या लागल्या."

"कुणी केल्या?"

"यंत्राने."

"मग तोंड कुठं ठेवलं ते यंत्रालाच विचारा," असं म्हणून त्यांनी ते मिटून परत दिलं, वाकून निरोप घेतला आणि सायकलवर बसून निघून गेल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. नक्की किती ओळी मिळतील, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अकरा. मग म्हणाल्या की रविवारी दुपारी घरी या, आलेखाचा कागद माझ्याकडे आहे.

त्यांचं घर निशिजिनमध्ये, विणकरांच्या वस्तीत, एका बोळात. त्यांचे वडील तोकुजिरो हे आयुष्यभर नक्षीकार होते. किमोनोवर कमरेला बांधायचा जो रुंद पट्टा असतो, त्याची नक्षी मागावर चढवण्याआधी बारीक चौकोनांच्या मोठ्या कागदावर उतरवावी लागते. एक चौकोन म्हणजे धाग्यावरून धागा जाण्याची एक जागा. शिनोसान अठराव्या वर्षापासून वडिलांच्या शेजारी बसून ते काम शिकल्या. पुढे माग बंद पडत गेले, कामं आटली. सत्तावीस वर्षांच्या असताना त्यांनी एक जाहिरात वाचली: चौकोन भरता येणारी व्यक्ती पाहिजे. त्या गेल्या आणि त्यांना लगेच ठेवून घेतलं.

वडिलांना ते मुळीच पटलं नाही. आपल्या नक्षीचं कापड नातींच्या लग्नात दिसतं, तुझं काम प्लग काढला की संपलं, असं ते एकदा म्हणाले. त्यानंतर त्या घरात हा विषय निघाला नाही. चार वर्षांनी वडिलांना पक्षाघात झाला आणि उजवा हात गेला. घरात तिसरं कुणी नव्हतं. शिनोसाननी ती नोकरी सोडली आणि दुपारी तीनला सुटी होते म्हणून शाळेच्या स्वयंपाकघरात लागल्या. हे सगळं त्यांनी मला पेन्सिलींना टोक काढता काढता सांगितलं, तक्रारीचा सूर न लावता.

पुढचे चार महिने मी दर रविवारी तिथे गेलो. खालून ऊब देणारं ठेंगणं टेबल, त्यावरची रजई मांडीवर ओढून आम्ही समोरासमोर बसायचो. त्या रंगीत पेन्सिलींनी चौकोन भरायच्या, मी ते संगणकात उतरवायचो आणि यंत्रावर लावून दाखवायचो. मध्ये चहा आणि खारवलेल्या मुळ्याच्या फोडी. नावाड्याचं तोंड पहिल्याच दिवशी परत आलं. त्यासाठी त्यांनी त्याची टोपी एका ओळीने चेपली आणि हनुवटी छातीत मिसळून टाकली. यंत्राने नुसती ओळ गाळली होती. शिनोसान उरलेल्या सगळ्या ओळी पुन्हा नव्याने मांडत होत्या. शेजारच्या खोलीत वडील आमच्याकडे पाठ करून टीव्हीवर सुमो बघत बसलेले असायचे. मी आलो-गेलो की मान हलवायचे, तेवढंच.

अडलं ते म्हातारीपाशी. डोक्याला फडकं, पाठीवर गाठोडं, कमरेत वाकलेली. जुन्या खेळात ती पडद्यावर जेमतेम नखाएवढी दिसायची, तरी माझ्या चांगली लक्षात होती. आता डोळे ठेवावेत तर पाठ सरळ व्हायची आणि पाठ वाकवावी तर डोळ्यांना जागा उरायची नाही. तीन रविवार गेले, नऊ कागद झाले. हिराकीसान रोज तारखेची आठवण देत होते. मी भीत भीत म्हटलं, गाठोडं काढून टाकलं तर? शिनोसाननी माझ्याकडे असं बघितलं की मी चहा ओतायला उठलो.

त्याच वेळी तोकुजिरोसान काठी टेकत आत आले. त्यांना बहुतेक चहाच हवा होता. टेबलापाशी थांबले, पसरलेले नऊ कागद एकेक करून पाहिले आणि डावा हात शेवटच्या कागदावर ठेवला.

"ही कात्सु आहे."

शिनोसानची पेन्सिल थांबली. कात्सु हे त्यांच्या आईचं नाव. हा खेळ निघाला त्याच्या दोन वर्षं आधी ती गेली होती. म्हातारी आईवरून काढली आहे हे त्यांनी कंपनीत कुणाला सांगितलं नव्हतं आणि घरी तर नव्हतंच नव्हतं.

"मला वाटायचं, बाबा, तुम्ही हे कधी बघितलंच नाही."

"नव्हतंच बघितलं. आता बघतोय."

ते हळूहळू खाली बसले. पाय रजईत घ्यायला त्यांना वेळ लागला, आम्ही मदत केली. मग त्यांनी यंत्र मागितलं, म्हातारीचं बिघडलेलं रूप पाहिलं, आणि लेकीला सांगितलं की डोळे काढून टाक.

"डोळ्यांशिवाय ती माणूस कशी दिसेल?"

"ती वर कधी बघायची? सूत गुंडाळता गुंडाळता जन्म गेला तिचा. खालीच बघायची. कंबर ठेव. कमरेला पाच ओळी दे आणि उरलेल्या सहांत बाकीचं बसव."

शिनोसाननी नवा कागद घेतला. अर्ध्या तासात म्हातारी झाली. मी ती यंत्रावर चढवली. काठावर ती उभी होती, फडकं पुढे झुकलेलं, चेहरा सावलीत, आणि पाहता क्षणी वाटत होतं की ही बाई बराच वेळ वाट बघते आहे. शिनोसान उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि पाण्याचा नळ बराच वेळ चालू राहिला. तोकुजिरोसान मला म्हणाले की हिरवा जरा भडक आहे.

त्या दिवसापासून सुमोचा टीव्ही बंद झाला. म्हातारबाबा टेबलाच्या टोकाशी बसायचे आणि डाव्या हातातल्या चॉपस्टिकने चौकोन दाखवायचे. शिस्त कडक होती त्यांची. कोल्हा त्यांनी सात वेळा काढायला लावला. शेपटी म्हणजे झाडू नाही, म्हणाले. सातव्या वेळेला शिनोसान माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कंपनीतले साहेब परवडले," आणि म्हातारबाबांना ते ऐकू गेलं, तरी त्यांनी ऐकू न आल्याचं दाखवलं.

ऑफिसमध्ये हिराकीसाननी म्हातारी पाहिली आणि हिला डोळेच नाहीत म्हणून परत पाठवली. तेव्हा शिनोसान शाळेतून अर्धा दिवस रजा काढून आल्या, चांगला कोट घालून, मिठाईचा डबा घेऊन. त्या म्हणाल्या की डोळे आहेत, ती खाली बघते आहे. हिराकीसाननी यंत्र पुन्हा हातात घेतलं, थोडा वेळ पाहिलं, चष्मा पुसून परत पाहिलं, आणि मंजुरीचा शिक्का मारला. मिठाई मात्र त्यांनी एकट्यानेच संपवली.

शेवटी नावांचा प्रश्न आला. आता खरं नाव द्यायला हरकत नव्हती, पण शिनोसान म्हणाल्या की मासुच राहू दे, त्याखाली वडिलांचं नाव घाला. हिराकीसान म्हणाले, ते तर आपले कोणीच नाहीत. मी म्हटलं, कोल्हा त्यांचा आहे. घासाघीस होऊन नाव खेळात गेलं. ते दाखवायला मी यंत्र घेऊन निशिजिनला गेलो, तर तोकुजिरोसाननी पाहून विचारलं की हे कुणाचं नाव. जुन्या खेळात फक्त सोपी उच्चारअक्षरं होती, मुलं लिहितात तशी, आणि त्यांचं नाव मी त्यातच लिहिलं होतं. आपलं नाव पाच चित्राक्षरांचं आहे, असं ते म्हणाले. त्यातलं नुसतं तिसरं अक्षरच चौदा रेघांचं; खेळात एका अक्षराला मिळते ती आठ बाय आठ चौकोनांची चौकट, तीत ते कसं बसणार? मग बापलेकीने मिळून ते नाव चित्र म्हणून काढलं. त्याला दोन रविवार लागले.

मार्चमध्ये खेळ बाजारात आला. फार गाजला नाही, पण पडूनही राहिला नाही. जुन्या खेळाडूंची पत्रं आली, बहुतेक खूश होते. एकाने लिहिलं की लहानपणीची म्हातारी ही नव्हे, ती मला परत द्या. मी ते पत्र लपवणार होतो. शिनोसाननी ते मागून घेतलं, वाचलं आणि म्हणाल्या की त्याचं बरोबर आहे.

तोकुजिरोसान पुढच्या वर्षी शरद ऋतूत गेले. तोवर बटणं लेकीने दाबायची आणि कुणाला होडीत घ्यायचं ते त्यांनी सांगायचं, असं दोघांचं चालायचं. ते म्हातारीला सर्वांत आधी न्यायचे, आणि तिला आधी नेलं की भिक्षू बुडतो. मी एकदा समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हातारीलाच बसवलं.

नंतर शिनोसाननी आमच्यासाठी आणखी तीन खेळांची चित्रं केली, सगळी रविवारी, त्याच टेबलावर. हिराकीसाननी त्यांना कायमच्या नोकरीचं विचारलं, एकदा नव्हे, तीनदा. त्यांनी तिन्ही वेळा आभार मानून नाही म्हटलं. गुरुवारी शाळेत करी असते, म्हणाल्या, आणि तीनशे मुलांचा कांदा तिथे दुसऱ्या कुणाला नीट परतता येत नाही.